वैयक्तिक कारणास्तव

स्टेशनसमोरच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये काल ती लाकडी टपरी पुन्हा उभी राहिली. दर एप्रिलमध्ये कुठल्याशा शेतावरून एक ट्रॅक्टर येतो, टपरी सोडून जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथं पांढऱ्या श्पार्गलच्या जुड्या मांडलेल्या दिसतात. श्पार्गल म्हणजे आपल्या शतावरीची इथली चुलत बहीण. अंगठ्याएवढे जाड, वीतभर लांब, पांढरेफटक कोंब. एरवी जर्मन माणूस भाजीवर जीव टाकणारा नाही, पण या भाजीपुढे तो हळवा होतो. धडधाकट निवृत्त गृहस्थ रांगेत उभे राहतात, जुडी उलटी करतात, देठ नखानं दाबून बघतात. माझी आई कराडच्या मंडईत भेंडीचं टोक मोडून बघायची, तितक्याच अविश्वासानं. जूनच्या अखेरीला हा सगळा खेळ संपतो आणि टपरी उचलून नेतात.

काल मी त्या रांगेत उभा राहिलो आणि माझा नंबर आल्यावर काय घ्यायचं तेच विसरलो. टपरीतल्या बाईनं दोनदा विचारलं. मागच्या आजोबांनी घसा खाकरला. मी एक जुडी घेतली आणि घरी आलो. मृणाल, माझी बायको, म्हणाली, "गेल्या वर्षी तर तू स्वतःहून एकदाही आणली नाहीस." खरं आहे. गेल्या वर्षी या भाजीचा सगळा हंगाम, पहिल्या जुडीपासून शेवटच्या जुडीपर्यंत, मी वाट बघण्यात घालवला होता.

मार्चअखेर माझी नोकरी गेली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी बेकारभत्त्याचा अर्ज केला. इथं त्याला भत्ता म्हणवत नाही, कारण तो विमा असतो. वर्षानुवर्षं पगारातून त्याचे हप्ते गेलेले असतात. तरी मराठीत त्याला दुसरा शब्द नाही, आणि बेकारभत्ता या शब्दात जी शरम आहे तीसुद्धा त्याच्याबरोबर फुकट मिळते. मृणाल एका बालवाडीत अर्धा दिवस मदतनीस म्हणून जाते. बाकी घर माझ्यावर. त्यामुळे प्रश्न साधा होता: मंजुरीचं पत्र वेळेत आलं तर हे घर राहणार, आमच्या मुलीची, सईची शाळा राहणार. नाही आलं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत सामान बांधून भारतात परतायचं.

त्या वसंतातलं मला सगळं आठवतं, पण ते दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं आठवतं. चेस्टनटच्या झाडांवर पांढरे तुरे उभे होते. निड्डा नदीच्या काठच्या रानात लसणीसारखा वास येणारी रानपात माजली होती आणि बायका पिशव्या भरभरून ती तोडत होत्या. समोरच्या बाल्कनीतले आजोबा टोमॅटोच्या रोपांशी बोलत होते. सगळं दिसत होतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, हात लावला तर कळतं की काहीतरी आहे, पण लागत नाही. तसा मी अख्खाच्या अख्खा झालो होतो. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. मी चहा करायचो आणि तो प्यायचा राहून जायचा. एकच जाहिरात चार-चार वेळा वाचायचो आणि ती नोकरी कुठल्या गावाला आहे ते सांगता यायचं नाही.

साडेअकराच्या सुमाराला टपालवाली यायची. पिवळी सायकल, पुढं-मागं पेट्या. तिची सायकल फाटकाला टेकल्याचा आवाज मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा. मग मी दहापर्यंत मोजायचो, म्हणजे मी टपलेलाच बसलो होतो असं दिसू नये, आणि खाली उतरायचो. दिसणार कुणाला होतं कोण जाणे. पेटीत पिझ्झावाल्याची पत्रकं असायची, चष्म्याच्या दुकानाची ऑफर असायची. मी ती पत्रकं काळजीपूर्वक वाचायचो.

नोकरी कशी गेली ते सांगायला हवं, कारण माझा मूर्खपणा तिथं आहे.

कंपनीनं आमचा अख्खा विभाग बंद करायचं ठरवलं होतं. एका दुपारी मला एका छोट्या खोलीत बोलावलं. टेबलावर पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, आणि एचआरची एक अतिशय सभ्य बाई. तिनं माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एका कागदात कंपनी मला कामावरून कमी करत होती. दुसऱ्यात उभयपक्षी संमतीनं नोकरी संपत होती. शेवटचा दिवस दोन्हीकडे तोच. ती म्हणाली, घरी घेऊन जा, वकिलाला दाखवा, घाई नाही. मी तिथल्या तिथं दुसऱ्या कागदावर सही केली. बिस्किटसुद्धा खाल्लं.

का केली? वसंतकाकांमुळे. माझे हे काका एका साखर कारखान्याच्या ऑफिसात होते आणि त्यांना तिथून काढलं होतं. पुढं त्यांनी दुकान काढलं, बरं चालवलं, दोन मुली उजवल्या. पण लग्नाकार्यात त्यांची ओळख करून दिली की सांगणारा आवाज खाली आणायचा आणि म्हणायचा, "त्यांना काढलं होतं." पंचवीस वर्षं हे चाललं. आमच्या घराण्यात पुरुषांचे दोनच प्रकार, नोकरी सोडलेले आणि काढलेले. मला पहिल्या प्रकारात राहायचं होतं. कराडला भावाला फोन करून मी सांगितलं, "दिला राजीनामा. जरा ब्रेक घेतोय." तो म्हणाला, "मस्त केलंस." मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मग अर्जातला तो चौकोन आला. नोकरी संपवण्याचं कारण? मी फारसा विचार न करता लिहिलं, वैयक्तिक कारणास्तव. पुण्यात मी तीन नोकऱ्या सोडल्या होत्या, तिन्ही वैयक्तिक कारणास्तव. एका ठिकाणी साहेबाशी भांडण झालं होतं, एका ठिकाणी पगार रखडला होता, एका ठिकाणी नुसता कंटाळा आला होता. पण कागदावर कारण वैयक्तिक. आपल्याकडे राजीनाम्याला ते लागतंच, पत्राच्या वर श्री लिहावं तसं. आणि ते वाचून कुणी विचारत नाही की बाबा रे, कुठलं कारण? तसं विचारणं असभ्यपणाचं.

जर्मनीत विचारतात.

मेच्या सुरुवातीला करड्या रंगाचा, खिडकीचा लिफाफा आला. आपण नोकरी स्वतःच्या संमतीनं संपवल्याचं दिसतं. ही वैयक्तिक कारणं कोणती, ते कृपया सविस्तर कळवावं. सबळ कारण नसल्यास बारा आठवडे भत्ता रोखला जाऊ शकतो. उत्तरासाठी मुदत, जूनचा पहिला सोमवार. पत्रात वावगं काही नव्हतं. कुणा एका माणसानं माझा अर्ज नीट वाचला होता, एवढंच. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं ते मी.

उत्तर एका ओळीचं होतं. कंपनी मला काढणारच होती. मी सही केली नसती तर महिनाअखेर तिनंच नोटीस दिली असती. एवढं लिहायचं, कंपनीकडून तसा दाखला मागवायचा, पाठवून द्यायचं. मी ते पत्र डिशवॉशरच्या माहितीपुस्तिकांबरोबर खणात ठेवलं आणि खण बंद केला. मृणालला नोकरी गेल्याचं माहीत होतं, अर्जाचं माहीत होतं. या पत्राचं मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेअकराला सायकल टेकल्याचा आवाज आला आणि मी पुन्हा दहापर्यंत मोजायला लागलो. आम्टकडून काही आलं का, असं मृणाल विचारायची. आम्ट म्हणजे ऑफिस, इथं सगळेच तसं म्हणतात. मी म्हणायचो, "नाही अजून." सगळ्यांना वाटत होतं मी त्यांची वाट बघतोय. खरं तर तेच माझी वाट बघत होते.

त्याच आठवड्यात सासू-सासरे आले.

तिकिटं आदल्या वर्षीच काढलेली होती, सहा आठवड्यांची. नाना आणि माई. नाना जिल्हा परिषदेच्या पेन्शन विभागात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. कमी बोलणार, कागद मात्र दोन्ही बाजूंनी वाचणार. पिझ्झाचं पत्रकसुद्धा ते उलटून बघायचे. माई त्याच्या उलट. त्यांनी बॅगेतून अनारशाचं पीठ, तूप, चांदीची छोटी निरांजनं आणि नवी धोतरजोडी काढली तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. धोंड्याचा महिना. जावयाचा महिना.

"इतकी वर्षं तुम्ही इथं, आम्ही तिथं," माई म्हणाल्या. "मागच्या अधिकात वाण कुरियरनं पाठवलं होतं, आठवतं का? ते काही खरं नाही. या वेळी पाटावर बसवून देणार."

मृणालनं माझ्याकडे बघितलं. मी माईंच्या हातातल्या डब्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं की त्यांना सांगायचं नाही. सहा आठवडे येणार, उगाच जिवाला घोर. ते मृणालचं कारण. माझं कारण निराळं होतं. सासऱ्यांसमोर मला वसंतकाका व्हायचं नव्हतं.

म्हणून मी रोज सकाळी साडेआठला शर्ट घालून छोट्या खोलीत जायचो आणि दार लावून घ्यायचो. होम ऑफिस. बाहेर माई सईला दटावायच्या, "हळू बोल गं, बाबांची मीटिंग आहे." सई बारा वर्षांची. आजीचं सगळं कळतं तिला, पण उत्तर जर्मनमध्ये देते. ती म्हणायची, "या, या, ओमा." म्हणजे हो हो, आजी. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती माझ्यासाठी खोटं वागत होती. दाराच्या आत मी हेडफोन लावून समोरच्या आजोबांचे टोमॅटो बघत बसायचो. एकदा बाहेर फारच शांत झालं तेव्हा मी कुणाशीही न बोलता, मोठ्यानं, "गेनाऊ, गेनाऊ, आल्झो, बघतो मी," असं म्हणालो, म्हणजे बरोबर, बरोबर, तर मग. बाहेरून माई नानांना म्हणाल्या, "किती काम करतात हो." मला हसू यायला हवं होतं. मी तसाच बसून राहिलो.

माईंना श्पार्गल फार आवडली. त्यांनी तिची पीठ पेरून भाजी केली, हिंग-मोहरीची फोडणी, वरून खोबरं. ही भाजी पांढरी का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मृणालनं सांगितलं की कोंब वर यायला लागला की शेतकरी त्यावर माती ओढत राहतात. ऊन लागू देत नाहीत. ऊन लागलं की हिरवी होते आणि भाव उतरतो. माई म्हणाल्या, "कठीण आहे बाई. सोसायचं त्या कोंबानं आणि कौतुक रंगाचं." ताटातली भाजी मी संपवली. चव विचारली असती तर सांगता आली नसती.

नानांना सकाळी साडेदहाला फिरायला जायची सवय, आणि आत्ता मीटिंग नाही असं सांगून मी त्यांच्याबरोबर जायचो. परतताना बरोबर साडेअकरा व्हायचे. मी त्या वेळेला पाय उचलायचो. नाना कधी काही म्हणाले नाहीत. मेच्या शेवटच्या आठवड्यात नदीकाठच्या पॉपलरचा कापूस सुटला होता. वाटेवर, गवतावर, बाकांवर पांढरा थर. आम्ही एका बाकावर बसलो. नानांनी रुमालानं बाक झटकला, रुमालाची घडी केली आणि विचारलं, "अर्ज करून किती दिवस झाले?"

"कसला अर्ज?"

"ते तुम्ही सांगायचं."

त्यांनी समोरून जाणारी एक होडी पूर्ण जाऊ दिली.

"मंदारराव, तीस वर्षं माझ्या टेबलासमोर माणसं येत होती. ज्याचं काम अडकलेलं असतं त्याचं चालणंच वेगळं होतं. टपालाच्या वेळेला त्याचे पाय घाई करतात आणि तोंड म्हणतं काही घाई नाही. तुम्ही रोज तसे चालता. नोकरी गेली का?"

"मार्चमध्ये," मी म्हणालो. किती सहज निघालं तोंडातून. मला वाटलं होतं काहीतरी कोसळेल. समोर दोन बदकं चालली होती, ती चालत राहिली.

"आणि अजून मंजुरी नाही? इथली माणसं तर चोख आहेत म्हणता." त्यांनी जरा विचार केला. "त्रुटी काढलीय का?"

त्रुटी! हा शब्द मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. सरकारी कचेरीत अर्जात काही उणं राहिलं की त्रुटी काढतात, आणि अर्जदारानं तिची पूर्तता करायची असते. मी मान हलवली. मग सगळं सांगितलं. दोन कागद, ती सही, तो चौकोन, खणातलं पत्र, पुढच्या सोमवारी संपणारी मुदत. हे मृणालला माहीत नाही हेही सांगितलं. नाना ऐकताना मान हलवत नव्हते. फक्त शेवटी म्हणाले, "वैयक्तिक कारणास्तव. हं."

मग त्यांनी मला एका गुरुजींची गोष्ट सांगितली. निवृत्त झालेले प्राथमिक शिक्षक. सेवापुस्तकात आठ महिन्यांचा खंड. त्या आठ महिन्यांचा खुलासा लागणार होता. गुरुजींना त्या काळात निलंबित केलं होतं. पुढं निर्दोष ठरून परत घेतलं होतं. तेवढं एका ओळीत लिहून द्यायचं होतं. गुरुजी लिहीत नव्हते. घरगुती अडचणीमुळे रजा, असं लिहायचे. नानांनी पहिल्यांदा त्रुटी काढली. दुसऱ्यांदा काढली. तिसऱ्यांदा काढली.

"मला माहीत होतं हो काय झालंय ते," नाना म्हणाले. "अख्ख्या ऑफिसला माहीत होतं. पण कागदावर नव्हतं. ते दर पंधरा दिवसांनी एसटीनं यायचे, बाकावर बसायचे, पाणी प्यायचे, जायचे. मी एकदा बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, गुरुजी, लिहून टाका. नाही सांगितलं. म्हटलं, मोठा माणूस, कसं बोलायचं. चौथ्या वेळेला त्यांची बायको आली. एकटी. तिनं ती ओळ लिहून दिली. आठवड्यात काम झालं."

पॉपलरचा कापूस त्यांच्या टोपीवर बसला होता. मी तो काढला नाही, का कोण जाणे.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, कबूल," ते उठता उठता म्हणाले. "पण ऑफिस झाकलेल्या मुठीवर मंजुरी देत नाही. रविवारी धोंड्याचं जेवण आहे. जेवण झालं की कागद काढायचा. तोवर मी कुणाला बोलणार नाही."

आणि खरंच, चार दिवस ते काही बोलले नाहीत. जेवताना नेहमीसारखं मीठ मागायचे. आमच्या दोघांत अळीमिळी गुपचिळी. मला हलकं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. फक्त सोमवार जवळ येत होता हे कळत होतं, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी घराकडे निघालाय असं वाटत होतं.

रविवारी सकाळपासून अनारसे. पहिला घाणा तुपात विरला. तळताना अनारसा असा फुटून पसरला की आपल्याकडे तो हसला म्हणतात. पहिले चार हसले. माई म्हणाल्या, "इथल्या हवेला हसू येतंय बाई." मग पॅसेजमधला धुराचा अलार्म वाजला, सई खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालत राहिली, खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली. दुपारपर्यंत तेहतीस अनारसे उतरले. माईंनी ते दोनदा मोजले. मग मला पाटावर बसवलं. पाट नव्हताच, सुतारकामाच्या सामानाच्या दुकानातून आणलेलं लाकडी फळकूट होतं, त्यावर शाल. माईंनी मला कुंकू लावलं, ओवाळलं, ताटलीतले अनारसे आणि निरांजन माझ्या हातात दिलं आणि मला वाकून नमस्कार केला. अधिकात जावई म्हणजे नारायण, असा समज आहे. पासष्ट वर्षांची बाई माझ्यासमोर वाकली होती आणि मी शर्टाच्या आत बेकार होतो.

तेव्हा मात्र लागलं. बऱ्याच आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी लागलं, आणि ते लाजेचं होतं. मी पुरणाचे धोंडे खाल्ले, त्यावर तूप घेतलं, आग्रह झाला तो सोसला. नाना समोर बसून माझ्याकडे न बघता जेवत होते.

ताटं उचलल्यावर ते म्हणाले, "हं. कागद."

मृणाल म्हणाली, "कसला कागद?"

मी उठून खण उघडला आणि डिशवॉशरच्या पुस्तिकेखालून तो करडा लिफाफा काढून टेबलावर ठेवला. तिनं तो उभ्यानंच वाचला. वरची तारीख वाचली, खालची मुदत वाचली. "उद्या?" ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "मला पण नाही सांगितलंस." ती खुर्ची ओढून सईजवळ बसली, माझ्याजवळ नाही.

मी लॅपटॉपवर जर्मनमध्ये उत्तर लिहिलं. आदरपूर्वक सुरुवात केली, संदर्भ क्रमांक टाकला, मग बराच वेळ नुसता बसलो. नाना शेजारी. त्यांना जर्मनचं एक अक्षर कळत नव्हतं, पण मी कुठं अडलोय ते कळत होतं. मी ते वाक्य लिहिलं. नाना म्हणाले, "काय लिहिलंत? मराठीत सांगा."

"लिहिलं की विभाग बंद होत असल्यामुळे..."

"तसं नाही. सरळ."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. माई दारात होत्या, हात ओले.

"कंपनीनं मला काढून टाकलं," मी म्हणालो. "ते बरं दिसत नाही म्हणून मी स्वतः सोडल्याचं लिहिलं."

माईंनी पदराला हात पुसले. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या मीटिंगा?"

"नव्हत्या," मी म्हणालो.

"मग उद्यापासून दार लावून बसू नका. मला मेथी निवडून देत जा." आणि त्या परत आत गेल्या. पुढचे दोन आठवडे मी रोज मेथी, पालक, कोथिंबीर निवडली, आणि एकदाही त्यांनी आवाज खाली आणून कुणाला काही सांगितलं नाही. पुण्याला बहिणीशी फोनवर बोलताना नेहमीच्याच वरच्या पट्टीत म्हणाल्या, "मंदाररावांची नोकरी गेलीय, दुसरी बघतायत. हो, तब्येत बरी आहे."

सोमवारी सकाळी पत्र गेलं. जुन्या ऑफिसातल्या त्या सभ्य बाईनं दाखला दोन दिवसांत पाठवला, तोही गेला. मृणाल तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. चौथ्या दिवशी तिनं मला श्पार्गल सोलायला बसवलं आणि सोलताना म्हणाली, "वाट बघायला मी होते ना. दोघांनी बघितली असती." तिचा आवाज रागाचा नव्हता, दमलेला होता. मला वाटतं त्या हंगामात मी केलेला खरा अपराध तोच. आम्टला खोटं लिहिलं ते एका ओळीत दुरुस्त झालं. हिला एकटीला वाट बघायला लावली, त्याची पूर्तता करायचा रकाना कुठल्याच कागदावर नाही.

जूनच्या मध्याला नाना आणि माई परत गेले. विमानतळावर नानांनी फक्त एवढंच विचारलं, "पोच मिळाली ना?" म्हणजे कागद मिळाल्याची नोंद. मी हो म्हणालो. मग मी खऱ्या अर्थानं वाट बघायला लागलो. बाहेरून काही बदललं नव्हतं. तीच सायकल, तोच साडेअकराचा आवाज. पण आता मी दहापर्यंत मोजत नव्हतो, सरळ खाली जाऊन पेटीपाशी उभा राहायचो. टपालवाली लांबूनच मान हलवायची, आज नाही. लिंडनची झाडं फुलली होती आणि सगळ्या गल्लीला मधासारखा वास होता, असं मृणालनं सांगितलं. मला आला नाही. दिवस इतके लांबले होते की संपायचं नाव घेत नव्हते. दोनदा मुलाखतीला जाऊन आलो. दोन्हीकडे विचारलं, आधीची नोकरी का सोडली? मी म्हणालो, सोडली नाही, काढलं. दोन्हीकडे त्यांनी नुसतं लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. इतकी वर्षं मी कशाला घाबरत होतो ते आठवायला मला प्रयत्न करावा लागला.

पत्र आलं तेव्हा घरात कुणी नव्हतं. जाड लिफाफा होता. मी तो जिन्यातच फोडला, पहिलं पान वाचलं, वर आलो, पुन्हा वाचलं. आनंद होईल म्हणून थोडा थांबलो. झाला नाही. पाणी प्यालो. मृणालला मेसेज केला, तिनं उलट मेसेजमध्ये नुसते जोडलेले हात पाठवले. मग मी पुण्याला नानांना फोन लावला. तिथं दुपार झाली होती. नाना झोपले नव्हते.

"आलं," मी म्हणालो.

"तारीख कुठली धरलीय?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातसुद्धा आला नव्हता. मी पान उलटलं. "पहिल्या दिवसापासून. बारा आठवडे लावले नाहीत."

"वाचा."

"नाना, जर्मनमध्ये आहे."

"असू दे. सगळं वाचा."

मी वाचलं. चार पानं होती. माझं नाव, पत्ता, क्रमांक, कायद्याची कलमं, पत्ता बदलल्यास कळवावं, अपील करायचं झाल्यास कुणाकडे करावं. ते मध्ये मध्ये हं म्हणत होते, समोर फाइल उघडी असल्यासारखं. पान संपलं की मी थांबायचो, ते म्हणायचे, "पुढं." शेवटच्या पानावर, हे पत्र यंत्रावर तयार केलं असल्यानं सहीची गरज नाही, असं होतं. तेही वाचलं. संपलं म्हणून सांगितलं.

नानांनी तीस वर्षं फाइली तयार केल्या, त्रुटी काढल्या, टिपणी लिहून वर पाठवल्या. शेवटचा शब्द लिहायचा अधिकार त्यांना कधीच नव्हता, तो साहेबांचा. त्यांनी घसा साफ केला.

"मंजूर," ते म्हणाले.

मी फोन ठेवला आणि दाराशी, जिथं आम्ही बूट काढतो तिथं, खाली बसून रडलो.